प्रस्तावना: अडथळ्याच्या पुढे आणि मागे

एका डोळ्याची नजर अचानक जाते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणीही येत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे पुष्कळांच्या हे लगेच लक्षातही येत नाही. केव्हातरी एका डोळ्यावर हात जातो आणि समोर काळोख दिसतो. मग घरात चर्चा होते. मोतीबिंदू असेल, जागरण झालंय, साखर वाढली असेल. ‘उद्या सकाळी दाखवू’ असं ठरतं. दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी होते आणि केसपेपरवर एक ओळ उमटते: पडद्याची मुख्य धमनी बंद. ही ओळ खरी असते, पण अपुरी. धमनी नेमकी कुठे बंद झाली, पूर्ण की अर्धवट, पलीकडचं रक्त थांबलं की रखडत का होईना चालू राहिलं, अलीकडच्या रक्ताने दुसरी वाट शोधली का, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. नजरेचं पुढे काय होणार हे मात्र याच गोष्टींवर ठरतं. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

आधी रक्ताची वाट समजून घेऊ. हृदयातून निघालेलं रक्त मानेतल्या कॅरॉटिड धमनीतून वर चढतं. तिची आतली शाखा कवटीत शिरते आणि मेंदूकडे जाता जाता डोळ्यासाठी एक फांदी सोडते, ती ऑफ्थॅल्मिक धमनी. हिच्यापासून निघणारी पडद्याची मुख्य धमनी जेमतेम ०.१६ मिलिमीटर व्यासाची. डोळ्याच्या गोलामागे साधारण एक सेंटिमीटरवर ती दृष्टिमज्जेचं, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं, जाड आवरण भेदून आत घुसते आणि मज्जेच्या मधोमध चालत डोळ्यात पोचते. आवरण भेदण्याची ती जागा अरुंद. पुढे डोळ्याच्या मागच्या भिंतीतून, चाळणीसारख्या थरातून, पार व्हावं लागतं तीही जागा अडचणीची. गुठळी अडकते ती बहुतेक या दोनपैकी एका ठिकाणी, आणि डॉक्टरच्या भिंगाला यांपैकी काही दिसत नाही. भिंगाला दिसतो तो परिणाम.

डोळ्याचा सगळा रक्तपुरवठा या एका धमनीवर नाही. खरं तर डोळ्याला मिळणाऱ्या रक्तातला मोठा वाटा, सुमारे ८५ टक्के, पडद्यामागच्या कोरॉइड या थरात जातो आणि तो येतो वेगळ्या, आखूड सिलिअरी धमन्यांतून. पडद्याचे बाहेरचे थर, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाश टिपणाऱ्या पेशी, या कोरॉइडवर जगतात. आतले थर, म्हणजे टिपलेलं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या पेशी, मुख्य धमनीवर. त्यामुळे ही धमनी बंद पडली की विचित्र अवस्था होते: प्रकाश टिपणाऱ्या पेशी शाबूत, पण त्यांचा निरोप पुढे न्यायला कोणी नाही. आतले थर सुजून पांढुरके होतात. फक्त मध्यबिंदूवर, जिथे आतले थर मुळातच नाहीत, तिथे मागच्या कोरॉइडचा लाल रंग तसाच दिसत राहतो. पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘चेरी रेड स्पॉट’ म्हणतात तो हाच. हा डाग रोगाचा नाही. आजूबाजूचं सगळं पांढरं पडल्यामुळे उठून दिसणारा तो निरोगी भाग आहे.

काही लोकांना जन्मतःच एक जादा धमनी मिळालेली असते. सिलिअरी जाळ्यातून निघून ती थेट पडद्याच्या मध्यभागाला रक्त देते. अशा माणसाची मुख्य धमनी पूर्ण बंद पडली, तरी वाचण्यापुरती नजर राहू शकते. तोच आजार, तीच गुठळी, पण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला हाताची बोटं मोजता येत नाहीत आणि याला वर्तमानपत्र वाचता येतं.

बंद पडण्याची जागा महत्त्वाची का, तेही इथेच सांगून टाकतो. दृष्टिमज्जेत शिरल्यावर मुख्य धमनी आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांशी जोडलेली असते. आवरण भेदण्याच्या जागीच अडथळा आला, तर या जोडवाटांतून थोडं रक्त पुढे झिरपू शकतं. अडथळा चाळणीच्या थरापाशी असेल तर या वाटा मागे राहिलेल्या असतात आणि पुढे थेंबही जात नाही. अवघ्या काही मिलिमीटरचा फरक. केसपेपरवरचं निदान मात्र दोन्हीकडे एकच.

या आजाराचा इतिहास भिंगाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. हेल्महोल्ट्झने १८५१ साली ऑफ्थॅल्मोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पहिल्यांदा नीट दिसू लागला. पुढच्या आठ वर्षांत, १८५९ मध्ये, बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफेने हृदयाच्या आतल्या आवरणाला सूज आलेल्या एका रुग्णाच्या पडद्याची धमनी बंद झाल्याचं वर्णन केलं. हृदयातला कण डोळ्यात जाऊन बसतो, हे तेव्हापासून माहीत आहे. बरोबर शंभर वर्षांनी बोस्टनचे न्यूरॉलॉजिस्ट मिलर फिशर यांनी याहून विलक्षण गोष्ट पाहिली. काही रुग्णांची एका डोळ्याची नजर काही मिनिटं जाते आणि परत येते. शटर खाली ओढून पुन्हा वर केल्यासारखं, असं रुग्ण स्वतःच सांगतात. असा झटका चालू असतानाच फिशर यांनी डोळ्यात पाहिलं, तेव्हा धमनीतून पांढरट कण हळूहळू पुढे सरकताना त्यांना दिसले. कण सरकला, रक्त पुन्हा सुरू झालं, नजर आली. १९६१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी धमन्यांच्या फाट्यांवर अडकणाऱ्या चमकदार पिवळ्या कोलेस्टेरॉलच्या कणांकडे लक्ष वेधलं. हे कण बहुतेकदा मानेतल्या कॅरॉटिडच्या भिंतीवर साचलेल्या थरातून सुटून आलेले असतात. गंमत अशी की असा कण दिसत असूनही त्याच्या पलीकडचं रक्त बहुतेक वेळा चालूच असतं. कण दिसला म्हणजे वाट बंद झाली असं नाही, आणि कण दिसला नाही म्हणून वाट खुली असंही नाही.

वाहतं रक्त टिपण्याचा एक मोठा प्रयत्न प्रसिद्ध झाला तो त्याच १९६१ साली. इंडियाना विद्यापीठातल्या हॅरॉल्ड नोव्हॉटनी आणि डेव्हिड अॅल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या शिरेत फ्लुरोसीन हा रंग टोचून निळ्या प्रकाशात पडद्याचे एकापाठोपाठ एक फोटो काढले. पहिला प्रयोग कोणावर करायचा हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं, आणि अॅल्व्हिसच्या हातात सुई गेली. नेत्रविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. शेवटी तो छापला ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकाने. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावीसुद्धा पडद्याचे डॉक्टर ‘डोळ्याची अँजिओग्राफी करून या’ म्हणतात, ती हीच. रुग्णाला थोडी मळमळ होऊ शकते, कातडी दिवसभर पिवळसर दिसते, लघवी गडद पिवळी होते.

या तपासणीत घड्याळ महत्त्वाचं. हातातून निघालेला रंग डोळ्यात यायला साधारण १० ते १५ सेकंद लागतात. मग तो धमन्या भरतो, केशिका उजळतात आणि काही सेकंदांत शिरांच्या कडांना चमकदार रेघ येते. धमनी बंद असलेल्या डोळ्यात हा क्रम मोडतो. मागचा कोरॉइड वेळेवर उजळतो, पण पडद्याच्या धमन्या काळ्याच राहतात. मग एका धमनीत रंग थोडा पुढे सरकतो, थांबतो. रंग न टोचता नुसत्या भिंगातूनही असं थांबणं दिसतं: रक्ताचा सलग स्तंभ तुटून तांबड्या तुकड्यांची रांग लागते, मधल्या जागा फिकट, आणि ते तुकडे कधी पुढे, कधी मागे हलतात. वेग पार घसरला की तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात आणि मध्ये नुसता रक्तद्रव उरतो. हे दृश्य एकदा पाहिलं की ‘बंद’ या शब्दावरचा विश्वास उडतो. कारण बंद म्हटलेल्या धमनीतही काहीतरी हलत असतं, फक्त ते कामाचं नसतं.

भिंग आणि रंग दोन्ही डोळ्याच्या आतलं सांगतात. मागे, डोळ्याच्या खोबणीतल्या चरबीत काय चाललंय त्यासाठी कलर डॉपलर ही सोनोग्राफी लागते. रुग्ण उताणा झोपलेला, डोळे मिटलेले, पापणीवर थंड जेल. त्यावर प्रोब टेकवायचा, पण दाबायचा नाही. दाब पडला की डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि जे मोजायला आलो तेच बदलतं. यंत्राची शक्तीही डोळ्यासाठी मुद्दाम कमी ठेवावी लागते. यंत्राच्या पडद्यावर डोळ्याचा काळा गोल, त्यामागे दृष्टिमज्जेचा गडद पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या ऐन मधोमध एकमेकींना चिकटून दोन बारीक रेघा: प्रोबकडे येणारी धमनी लाल, उलट जाणारी शिर निळी. धमनीवर खूण ठेवली की खाली लाट उमटते. हृदयाच्या ठोक्याला उंच टोक, मग उतार, आणि दोन ठोक्यांच्या मधली तळाची पातळी. निरोगी डोळ्यात ही तळाची पातळी कधी शून्यावर येत नाही. हृदय विसावा घेतं तेव्हाही पडद्याकडे रक्त चालूच असतं. पलीकडे अडथळा वाढला की आधी हीच तळाची पातळी बसते. टोक आणि तळ यांच्यातला फरक भागिले टोक, हा रेझिस्टिव्ह इंडेक्स. तळ शून्य झाला की तो १ होतो. कधी कधी दृष्टिमज्जेतच एक लखलखीत पांढरा ठिपका दिसतो. तो अडकलेला कॅल्शियमयुक्त कण असतो, आणि असा कण गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला सहसा दाद देत नाही.

या तपासणीबद्दल माझं एक गाऱ्हाणं आहे आणि ते पुस्तकभर पुन्हा पुन्हा येईल. डॉपलर वेग मोजतो, प्रवाह मोजत नाही. प्रवाह काढायचा तर वाहिनीचा व्यास हवा, आणि पडद्याची धमनी इतकी बारीक की तिचा व्यास या यंत्राला भरवशाने मोजताच येत नाही. अरुंद झालेल्या जागी वेग वाढलेला दिसतो आणि त्याच वेळी पुढे पोचणारं रक्त कमी झालेलं असतं. रिपोर्टवर ‘फ्लो वाढला’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा फक्त वेग वाढलेला असतो. व्यास अर्धा झाला तर, प्वाझयच्या नियमाने, तेवढ्याच दाबात पुढे जाणारं द्रव सोळावा हिस्सा उरतं. रक्तवाहिनी ही काचेची नळी नाही आणि रक्त म्हणजे पाणी नाही, हे मान्य. पण या सोळाव्या हिश्श्याची जाणीव ठेवून रिपोर्ट वाचला तर पुष्कळ गैरसमज टळतात.

दाबाचंही तसंच. डोळ्यात रक्त ढकलणारा दाब म्हणजे धमनीतला दाब वजा डोळ्यातलं प्रेशर. बसलेल्या माणसाचं बीपी १२०/८० असेल तर डोळ्याच्या पातळीला धमनीतला सरासरी दाब साधारण ६२ धरतात. डोळ्याचं प्रेशर १५ असेल तर उरतात ४७. धमनी बंद पडल्यावर डोळ्याला मसाज करणं, डोळ्यातलं पाणी सुईने काढणं, प्रेशर उतरवणारी गोळी देणं, हे वर्षानुवर्षं चालत आलेले उपाय या वजाबाकीवरच उभे आहेत. त्यांना हसणं सोपं आहे. समजा, अडथळ्यापलीकडे दाब २५ पर्यंत घसरलाय. डोळ्याचं प्रेशर १५ वरून १० वर आणलं तर ढकलणारा दाब १० चा १५ होतो, म्हणजे दीडपट. कागदावर हिशोब चोख. पण हा हिशोब चालतो अर्धवट अडथळ्यात. पूर्ण बंद धमनीत पलीकडे दाबच नसतो, मग वजाबाकी कशातून करायची? हे उपाय उपयोगी पडतात याचा खात्रीचा पुरावा आजवर मिळालेला नाही, आणि मला वाटतं त्याचं एक कारण हेच की दोन वेगळ्या अवस्थांना एकच नाव देऊन ते तपासले गेले.

आता अडथळ्याच्या मागे जाऊ. मानेतली कॅरॉटिड हळूहळू चिंचोळी होत गेली की शरीर गुपचूप वाट बदलतं. चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या धमन्या कॅरॉटिडच्या बाहेरच्या शाखेतून येतात आणि खोबणीच्या कडेला त्या ऑफ्थॅल्मिक धमनीच्या टोकांशी जोडलेल्या असतात. आतली शाखा आटली की चेहऱ्यातलं रक्त या जोडांतून उलटं आत शिरतं आणि ऑफ्थॅल्मिक धमनीतून मागे, मेंदूकडे वाहू लागतं. डॉपलरवर जिथे लाल दिसायला हवं तिथे निळं दिसतं. मेंदूच्या दृष्टीने ही सोय झाली, पण डोळ्याच्या वाटचं रक्त मेंदूने उचललेलं असतं. अशा रुग्णाची तक्रार मोठी फसवी असते. उन्हातून घरात आल्यावर नजर यायला फार वेळ लागतो, डोळा जड वाटतो, चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग होत नाही. पडद्यावर दूरच्या भागात रक्ताचे ठिपके दिसतात आणि रुग्णाला मधुमेह असला तर सगळं खापर मधुमेहावर फुटतं. दोन्ही डोळ्यांत सारखेपणा नसेल तर मानेकडे बघावं, एवढं एक वाक्य या पुस्तकातून डोळ्यांच्या ओपीडीत गेलं तरी मला पुरे.

उलट्या प्रवाहाचा एक प्रकार अलीकडचा आणि माणसाने स्वतः ओढवून घेतलेला. नाकाचा उंचवटा किंवा भुवयांमधल्या आठ्या भरण्यासाठी फिलरचं इंजेक्शन देताना सुई चुकून बारीक धमनीत गेली आणि जोर लागला, तर ते द्रव्य धमनीतल्या दाबाला मागे सारत ऑफ्थॅल्मिक धमनीपर्यंत जातं. जोर सुटला की रक्ताबरोबर पुढे येऊन डोळ्याच्या शाखांत भरतं. नजर जायला काही सेकंद पुरतात.

वेळेचा प्रश्न सगळ्यांत वादाचा. यावरचं पायाभूत काम पंजाबात वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्थिरावलेल्या सोहनसिंग हेरे यांचं. त्यांनी ऱ्हिसस माकडांच्या पडद्याची धमनी दृष्टिमज्जेत शिरण्याच्या जागी चिमट्याने बंद केली आणि वेगवेगळ्या वेळेनंतर सोडली. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर हानी प्रचंड आणि कायमची. हे आकडे आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. आक्षेप असा आहे की चिमटा त्या जागी लावला तेव्हा मघाशी सांगितलेल्या जोडवाटा खुल्या राहिल्या असणार, म्हणजे पडद्याला थोडं रक्त मिळत होतं. प्रवाह खरोखर शून्य असेल तर पडदा पाव तासही तग धरत नसावा, असं काही संशोधक म्हणतात. मला दोन्ही बाजू परस्परविरोधी वाटत नाहीत. पडद्याचं आयुष्य मिनिटांत सांगायचं तर उरलेला प्रवाह किती होता तेही सांगायला हवं. नाहीतर नुसत्या मिनिटांना अर्थ नाही.

ही अवस्था रंग न टोचता पाहण्याची सोय गेल्या दहा-पंधरा वर्षांत झाली. ओसीटी अँजिओग्राफीचं यंत्र एकाच जागेची पाठोपाठ चित्रं घेतं. जे बदललं ते वाहतं रक्त, जे जसंच्या तसं ते स्थिर. केशिकांचे थर वेगवेगळे दिसतात, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली: रक्त थोडंच कमी पडलं तर पडदा सरसकट मरत नाही. आधी मधला थर जातो, आणि तोही शिरांच्या कडेकडेने. कालव्याला पाणी कमी सुटलं की मुखाजवळचे ऊस हिरवेगार आणि टेलची शेतं भेगाळलेली, तसं हे आहे. केशिकेतून जाता जाता प्राणवायू वापरला जातो आणि शिरेजवळच्या पेशींच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. पुरवठा आणखी घटला की मरण धमनीच्या दिशेने सरकत जातं. म्हणजे पडद्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची नक्षी पाहून किती रक्त कमी पडलं होतं याचा अंदाज मागाहून बांधता येतो. यंत्राचा दोषही सांगायला हवा. अगदी सावकाश चाललेलं रक्त त्याला थांबलेलं वाटतं. काळी जागा म्हणजे ‘प्रवाह नाही’ असं नव्हे. ‘यंत्राला टिपता आला नाही’ इतकंच.

उपचारांच्या प्रकरणात आशादायक फार काही नाही, हे आधीच सांगतो. १९९०च्या दशकापासून गुठळी विरघळवणाऱ्या औषधावर भिस्त होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ या युरोपीय चाचणीत हे औषध नळीवाटे थेट ऑफ्थॅल्मिक धमनीत सोडलं. नेहमीच्या उपचारांहून नजर अधिक सुधारली नाही, दुष्परिणाम मात्र वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. पण त्यात नजर जाऊन २० तास होईपर्यंतचे रुग्ण घेतले होते. त्यामुळे त्यानंतरच्या फ्रान्स, नॉर्वे आणि जर्मनीतल्या चाचण्यांनी साडेचार तासांची मर्यादा घातली. इतक्या लवकर रुग्ण मिळवणं हेच त्यांच्यापुढचं मोठं काम ठरलं. धमनी पुष्कळदा काही दिवसांत आपोआप उघडते. अँजिओग्राफी जवळजवळ नॉर्मल येते, रुग्ण आशेने डॉक्टरकडे बघतो आणि नजर तिथेच असते.

तरीही तपासणीला घाई हवी, ती दुसऱ्या कारणासाठी. २०२१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने स्पष्ट शब्दांत म्हटलं की पडद्याची धमनी बंद होणं हा पक्षाघाताचाच प्रकार आहे. अशा बऱ्याच रुग्णांच्या एमआरआयमध्ये मेंदूतही ताज्या, लक्षणं न दिलेल्या जखमा सापडतात आणि पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून त्याच दिवशी कॅरॉटिडचा डॉपलर, ईसीजी, हृदयाचा इको. पन्नाशीपुढच्या रुग्णात ईएसआर आणि सीआरपी, कारण कानशिलाच्या धमन्यांची सूज हे कारण निघालं आणि स्टेरॉइड लगेच सुरू केलं नाही तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. आपल्याकडे तरुण रुग्णात संधिवाताच्या तापाने बिघडलेली हृदयाची झडप विसरून चालत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. सुरुवातीची प्रकरणं मानेची आणि खोबणीची आहेत, पडदा नंतर येतो. सगळीकडे दाब मिलिमीटर पाऱ्यात आणि वेग सेंटिमीटर प्रति सेकंदात दिला आहे. डॉपलरच्या प्रकरणातले आलेख यंत्रागणिक थोडे वेगळे येतात. तेव्हा आपल्या यंत्रावर निरोगी माणसांची मोजमापं घेऊन मगच त्यांच्याशी ताडून पाहावेत. गणिताचं प्रकरण डॉक्टर नसलेल्या वाचकाने वगळलं तरी पुढचं अडत नाही. आकृत्या मात्र वगळू नयेत. खोबणीतल्या धमन्या नुसत्या शब्दांनी समजत नाहीत, निदान मला तरी कधी समजल्या नाहीत.